रवंथाचा हिशोब: सांगोला तालुक्यातल्या वर्षभराच्या नोंदी

३ जुलै २०२३

नवी वही. काम असं: सांगोला तालुक्यातली दोन गावं, चौदा घरं आणि मेंढपाळांचे तीन वाडे. चरणाऱ्या जनावरांच्या पोटातून निघणारा मिथेन कमी करता येतो का, आणि येत असेल तर जनावरवाल्याच्या खिशाला चाट न लागता येतो का, हे वर्षभर बघायचं. हाताशी मी, एक अर्धवेळ मुलगा, एक वजनकाटा आणि एका महाविद्यालयाने उसना दिलेला लेझरचा मिथेन-मापक.

आज ग्रामपंचायतीत पहिली बैठक झाली. मिथेन म्हणजे काय हे सांगताना मी गोबरगॅसपासून सुरुवात केली, ते बरं झालं. टाकीत शेण आंबतं तशीच गाईच्या कोटीपोटात वैरण आंबते. ते पोट शंभर लिटरच्या वरचं. आंबताना हायड्रोजन सुटतो, तो साचला तर आंबणंच थांबेल. म्हणून तिथले सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरेवाटे सोडून देते. मागून फारसा जात नाही, नव्वद टक्क्यांहून जास्त तोंडा-नाकातूनच जातो. हे ऐकून मागच्या बाकावरची पोरं निराश झाली.

एक तात्या म्हणाले, "मंजी आमी घातलेल्या वैरणीतलंच कायतरी हवेत जातंय की."

अगदी तेच. खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के अशी निघून जाते. पुढची सगळी बैठक मी या एका वाक्यावर काढली. हवामान बदल हा शब्द उच्चारावाही लागला नाही.

११ जुलै

मोजणी. "जनावरं किती?" हा प्रश्न सोपा वाटतो. लोक दुभती सांगतात. भाकड आणि वासरं विचारल्यावर सांगतात. खोंड तर दाखवतसुद्धा नाहीत, कारण नजर लागते. १८ मे ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मोकळीक देणारा कायदा वैध ठरवल्यापासून या भागात चांगला खिलार खोंड म्हणजे घरातला लाडका लेक झालाय. एका घरी त्याला दूध, अंडी आणि उडदाची डाळ मिळते. घरातल्या सुनेला यातलं काय मिळतं ते विचारलं नाही. खोंडाच्या मिथेनचा भागाकार कशाने करायचा? दूध नाही, मांस नाही, ओढकामही नाही. रकाना रिकामा ठेवलाय.

चौदा घरांत आज हाती लागलेली मोठी जनावरं ५३. हा आकडा चुकीचा आहे हे लिहितानाच कळतंय.

१९ जुलै

आज वाड्यावर. दोनेकशे मेंढरं, बरीचशी माडग्याळी, बाकी दख्खनी. माडग्याळी म्हणजे जतकडची जात, पोपटासारखं बाकदार नाक, उंच पाय. लेझरचं यंत्र पिस्तुलासारखं हातात धरायचं, जनावराच्या नाकपुडीवर एक मीटरवरून रोखायचं, पडद्यावर आकडा धावतो. गाय मिनिटा-दीड मिनिटाला ढेकर देते, तेव्हा आकडा उडी मारतो आणि परत खाली येतो. वारा नको, शेजारी दुसरं जनावर नको, आणि मुख्य म्हणजे जनावर जागेवर हवं.

मेंढरू जागेवर नसतं. तासभर मी त्यांच्या मागे आणि वाड्यावरची कुत्री माझ्या मागे. वाड्याचे आण्णा बाभळीखाली बसून हे सगळं शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "बाय, दुपारच्याला ये. बसली की रवंथ करत्यात. आता कुनाच्या बापाला थांबायची न्हाईत." दुपारी गेले. कडुनिंबाच्या सावलीत सगळी बसलेली, जबडे एका लयीत फिरतायत. बावीस मेंढ्यांच्या नोंदी दीड तासात झाल्या.

त्याच दरम्यान एक प्रकार घडला. सात-आठ मेंढरं पलीकडच्या लसूणघासात घुसली होती. त्यातली एक तासाभरात फुगली. डावी कूस नगाऱ्यासारखी ताठ, मान लांब, श्वास तोंडाने. आण्णांच्या सुनेने गोडं तेल पाजलं, कडुनिंबाची काडी लगामासारखी आडवी तोंडात बांधली आणि मेंढीचे पुढचे पाय दगडावर उंच ठेवले. मेंढी काडी चावत राहिली. पाच-सात मिनिटांनी ढेकर आली, मग एकामागून एक येतच राहिल्या. मी यंत्र रोखून होते. मघाशी वीस-तीसच्या घरात खेळणारा आकडा शंभर ओलांडून गेला. आयुष्यात पहिल्यांदा मिथेन निघाल्याचा आनंद झाला.

जाताना आण्णा म्हणाले की बाभळीच्या शेंगा पोटात असल्या की मेंढरं अशी फुगत नाहीत. हे वाक्य अधोरेखित. बाभळीच्या शेंगेत टॅनिन असतं. टॅनिन हिरव्या चाऱ्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून फेस होत नाही. हेच टॅनिन मिथेन बनवणाऱ्या जंतूंनाही नडतं.

२ ऑगस्ट

आज कागदावरचं काम. यंत्र काहीही सांगो, अहवालात शेवटी आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या) सूत्रानेच आकडा द्यावा लागणार. त्यांच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरलाय, इतर गाई-बैलांना २७, म्हशीला ५५, विकसनशील देशांतल्या मेंढीला आणि शेळीला ५. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ऐंशी पटींच्या घरात. हवेत तो बारा-एक वर्षंच टिकतो. म्हणून तर सगळ्यांचा डोळा त्याच्यावर: आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसतो.

पण ठोकळ आकड्याने आपलं भागत नाही. त्यात गाय काय खाते याला जागाच नाही. म्हणून एक घर घेऊन सविस्तर मांडणी केली. हे घर वहीत यापुढे "आजींचं घर".

दोन संकरित गाई, रोज सहा-सहा लिटर. एक भाकड खिलार गाय. संकरित गाय दिवसाला साधारण ८ किलो कोरडी वैरण खाते (कोरडी म्हणजे पाणी वजा जाता). किलोला १८.४५ मेगाज्यूल, म्हणजे १४७.६. त्यातला साडेसहा टक्के भाग मिथेनमध्ये जातो असं धरलं तर ९.६ मेगाज्यूल. मिथेनच्या किलोत ५५.६५ मेगाज्यूल असतात, म्हणून दिवसाला १७२ ग्रॅम. वर्षाला ६३ किलो. ५८ च्या जवळपास आलं, जिवात जीव आला. भाकड खिलार ६ किलो खाते, तिचे १२९ ग्रॅम. गोठ्याचे दिवसाला ४७३ ग्रॅम, दूध १२ लिटर. लिटरमागे ३९ ग्रॅम.

आता समजा, संतुलित आहार दिला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हेच काम देशभर केलंय: वैरण, पेंड आणि खनिज मिश्रण यांचा मेळ गाईच्या गरजेप्रमाणे बसवून द्यायचा. दूध सहाचं साडेसात झालं, गाय ८ ऐवजी ८.६ किलो खाऊ लागली, तर तिचे १८५ ग्रॅम होतात. गोठ्याचे ४९९, दूध १५ लिटर. लिटरमागे ३३.

लिटरमागे पंधरा टक्के घट. गोठ्यातून पाच टक्के वाढ.

दोन्ही आकडे खरे आहेत. निधी देणाऱ्यांच्या नमुन्यात रकाना एकच आहे, "मिथेनमधील घट". कशामागे, ते लिहिलेलं नाही. पत्र पाठवून विचारलंय.

२९ ऑगस्ट

पाऊस नाही. महिनाभर आभाळ कोरडं. माळावरचं कुसळी गवत वीतभर वाढून तिथेच पिवळं पडलं. फुलोऱ्यावर गेलेलं, काडी झालेलं गवत पचायला जड. जनावर ते पोटात जास्त वेळ घोळवतं आणि किलोमागे मिथेनही जास्त निघतो. कोवळं चारलं तर कमी निघेल, असं पुस्तकात असतं. कोवळं कुठून आणायचं हे पुस्तकात नसतं.

पत्राला उत्तर आलं: "प्रति जनावर द्यावे."

१४ सप्टेंबर

ऑनलाइन बैठकीत विचारणा झाली की परदेशात औषधं निघालीत, ती का वापरत नाही. उत्तर सविस्तर लिहून पाठवलं, इथे सार.

३-एनओपी नावाचं रसायन आहे, बाजारात बोव्हेअर नावाने. मिथेन बनण्याच्या शेवटच्या पायरीवरचं विकर (एन्झाइम) ते अडवतं. दुभत्या गाईंत सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास घट, २०२२ पासून युरोपात परवानगी. पण पोटात त्याचा अंमल काही तासच राहतो, म्हणून प्रत्येक घासात मिसळलेलं लागतं. गव्हाणीत यंत्राने कालवलेला आहार खाणाऱ्या गाईला ते जमतं. सकाळी नऊला सुटून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या गाईच्या प्रत्येक घासात मी काय मिसळू? अ‍ॅस्परागॉप्सिस हे लाल समुद्री शेवाळ त्याहून जोरकस, बंदिस्त गुरांवरच्या काही प्रयोगांत ऐंशी टक्क्यांपर्यंत घट. तिथेही अडचण तीच.

चरणाऱ्या जनावराला मिथेन-रोधक द्यायचं तर ते दिवसातून एकदा, घरी आल्यावर, मूठभर पेंडीतून दिलं तरी चाललं पाहिजे आणि परवडलं पाहिजे. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाविज्ञान संस्थेचं 'हरित धारा' त्या वाटेवरचं आहे: टॅनिनयुक्त वनस्पतींपासून केलेलं, १७ ते २० टक्के घट होते असं संस्था सांगते. त्याआधी त्याच संस्थेने चिंचोक्याच्या टरफलावर काम केलंय.

चिंचोका! बार्शीला चिंचोक्याची पावडर करणारे कारखाने आहेत. टरफल त्यांच्यासाठी टाकाऊच.

(डाळिंबाच्या सालीतही टॅनिन भरपूर आणि सांगोला म्हणजे डाळिंबाचं गाव. पण डाळिंब इथून सालीसकट बाहेर जातं. साल मुंबईच्या कचऱ्यात. शिवाय फवारे किती मारलेत ते ज्याचं त्याला ठाऊक.)

९ ऑक्टोबर

डॉक्टरांना विचारून सहा गाईंवर टरफलाची भरड सुरू केली, जपून, थोडी थोडी वाढवत. टॅनिन जास्त झालं तर गाय खाणंच कमी करते, प्रथिनंही वाया जातात. दोन गाईंनी पाटी हुंगून तोंड फिरवलं. एकीने सगळी पेंड खाऊन भरड तेवढी पाटीच्या तळाला ठेवली, तीही चाटूनपुसून, तांदूळ निवडावेत तशी. गुळाचं पाणी शिंपडलं तेव्हा कुठे गेली. तुरट चव आहे, तिचा काय दोष.

वीस दिवसांनी लेझरच्या नोंदी काढल्या. एकाच गाईचे सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे एकमेकांपासून इतके लांब की भरडीचा परिणाम त्यात असला तरी मला दिसणार नाही. या यंत्राने कळप ताडता येतो, पण सहा गाईंतली पंधरा टक्क्यांची घट त्यात पकडता येत नाही. त्यासाठी श्वसन-कक्ष लागतो, किंवा गळ्यात डबा अडकवून करायची एसएफ६ वायूची पद्धत. दोन्ही आमच्या आवाक्याबाहेर. अहवालात लिहिलं: निष्कर्ष नाही. अर्धवेळ मुलाला वाईट वाटलं. भरड कालवायचं काम त्याच्याकडेच होतं.

३ नोव्हेंबर

परवा, ३१ ऑक्टोबरला, शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत सांगोला आहे. कडब्याच्या पेंढीचा भाव रोज वेगळा. ऊसवाल्यांकडून वाढं (उसाचे शेंडे) आणायला ट्रॅक्टर निघालेत.

वाडे दिवाळीनंतर निघायचे ते आजच निघाले. पहाटे घोड्यांवर बिऱ्हाड चढलं: पातेली, घोंगडी, कोंबड्यांचा डालगा, वर दोन लहानगी कोकरं आणि एक लहान मूल. कृष्णाकाठच्या बागायतीकडे, जूनपर्यंत. माझा अर्धा प्रकल्प समोरून चालत गेला. आण्णांना एक वही दिली: किती कोकरं झाली, किती मेली, कशाने. त्यांच्या नातवाला लिहिता येतं. "ल्हितो की," तो म्हणाला, "पर मेल्यालं कशाला ल्हायचं?"

तेच तर हवंय. मेंढी वर्षभर चरते, पाचेक किलो मिथेन सोडते, पाच महिने गाभण राहते आणि कोकरू महिन्याच्या आत आंत्रविषाराने किंवा जंताने गेलं, तर त्या पाच किलोंचा भागाकार शून्याने. लस आणि जंताचं औषध ही माझ्या मते मेंढरांतली मिथेन कमी करायची सगळ्यात स्वस्त औषधं. त्यांच्या बाटलीवर मात्र तसं कुणी लिहीत नाही. निघायच्या आधी तिन्ही वाड्यांचं लसीकरण करून घेतलं, जंताचं औषध पाजलं. एवढं एक काम धड झालं.

२७ नोव्हेंबर

मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या मक्याच्या कुट्टीच्या, दोन बॅगा उंदरांनी फोडल्या. आत पांढरी बुरशी, कोपऱ्यापासून मधोमध पोहोचलेली. मक्याचे पैसे, कुट्टीचे पैसे, दोन दिवसांची मजुरी, सगळं उकिरड्यावर. बॅगा ठेवायची जागा मी निवडली होती. पुढच्या वेळी भिंतीपासून लांब, आणि खाली फरशी.

१९ जानेवारी २०२४

दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळायचं तर गाईच्या कानात बिल्ला हवा आणि त्याची नोंद संगणकावर हवी. गावात आठवडाभर नुसती धावपळ. जे मला सहा महिन्यांत जमलं नाही ते पाच रुपयांनी आठ दिवसांत केलं. चौदा घरांतली मोठी जनावरं आता ६१. जुलैत ५३ लिहिली होती. मधल्या काळात तीन विकली गेली, दोन व्यायली. म्हणजे सुरुवातीला नऊ लपलेली होती, बहुतेक भाकड आणि खोंड. जुलैचा सगळा पाया-आकडा नव्याने काढला. दोन रात्री गेल्या.

८ फेब्रुवारी

फलटणला जाऊन आले. निंबकर कृषी संशोधन संस्थेतल्या मेंढ्यांबद्दल बरंच ऐकलं होतं. दख्खनी मेंढीला वेताला सहसा एकच कोकरू. बंगालात सुंदरबनच्या दलदलीत गरोळ नावाची छोटीशी मेंढी असते, तिला जुळी-तिळी होतात. तिच्यातलं फेक-बी हे जनुक संकरातून दख्खनीत आणून फलटणच्या लोकांनी 'नारी सुवर्णा' तयार केली. याच जनुकाची गंमत अशी की अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालातून ऑस्ट्रेलियात मेंढ्या गेल्या, आणि तिथल्या बुरूला मेरिनोंत ते बहुधा त्यांच्यातूनच उतरलं. आपण नंतर ते इंग्रजी शोधनिबंधांतून ओळखलं.

मिथेनच्या हिशोबात जुळं म्हणजे काय? दोन कोकरांसाठी दोन मेंढ्या वर्षभर पाळायच्या, त्याऐवजी एक. पण ती गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पोटभर मिळणारी हवी आणि दूधही दोघांना पुरायला हवं. उन्हाळ्यात रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या वाड्यात जुळं जगवणं म्हणजे त्या घरच्या बाईचं काम दुप्पट. आण्णांना फोन केला. पलीकडून वारा आणि मेंढरांचा आवाज. ते म्हणाले, "येक जगवताना नाकी नऊ. दोन घिऊन चालायचं कुनी?" मग जरा थांबून: "नर किती म्हन्ला त्याची किंमत?"

न्यूझीलंडवाले आणखी एक वाट चालतायत: कमी मिथेन सोडणाऱ्या मेंढ्या निवडून त्यांचीच पैदास. फिरत्या पेटीत मेंढी तासभर उभी करून मोजतात. तिथे ते गरजेचंही आहे. देशाच्या एकूण उत्सर्जनातला जवळपास निम्मा वाटा शेती-पशुपालनाचा. चरणाऱ्या जनावरांसाठी हा उपाय मला सगळ्यात खरा वाटतो, कारण तो रोज चारावा लागत नाही. पण त्याला वीस वर्षं लागतात आणि आपला प्रकल्प बारा महिन्यांचा आहे.

२१ मार्च

आजींच्या घरी. संतुलित आहाराला सात महिने झाले. दोन्ही गाई सातच्या वर. कागदावर धरलेले साडेसात नाहीत, पण बरं चाललंय. खनिज मिश्रणाचा खरा फायदा दुधात नाही, दुसरीकडे दिसला. एक गाय गेल्या वर्षी तीनदा उलटली होती, म्हणजे रेतन करूनही गाभ राहिली नव्हती. यंदा पहिल्याच रेतनाला गाभ गेली. गाय शंभर दिवस जास्त रिकामी राहिली तर साधारण पंधरा किलो मिथेन दुधाच्या एका थेंबाशिवाय निघून जातो. शिवाय शंभर दिवसांची वैरण. मालकाला मी वैरणीचाच हिशोब दाखवला. लिंग-वर्गीकृत वीर्यमात्रा वापरलीय, कालवड व्हायची शक्यता नव्वद टक्के. नकोसा गोऱ्हा जन्मायची भीती कमी.

राहिली खिलार. वय चौदा, तीन वर्षं भाकड. मी विषय काढलाच. खरं तर काढायला नको होता.

आजी तिच्या पाठीवरची गोचीड काढत होत्या. काढायची, दगडावर ठेवायची, दुसऱ्या दगडाने चेचायची. वर न बघता म्हणाल्या, "ह्या गायीच्या बैलांनी हीर खांदलीया. तुजं मशिन काय म्हनतंय?"

"१२९ ग्रॅम, आजी."

"मग न्हाय वो जास्त."

विकायची म्हटली तरी कुणाला? राज्यात गाय कापायला १९७६ च्या कायद्यापासून बंदी, आणि मार्च २०१५ पासून बैल-वळूंनाही. या बाजूने किंवा त्या बाजूने बोलायची ही जागा नाही. मला एवढंच नोंदवायचंय की "अनुत्पादक जनावरे कमी करा" असं जे प्रत्येक परदेशी अहवालात पहिल्या पानावर असतं, त्याला इथे वाटच नाही. गाय सोडली तर ती शेजारच्या मक्यात जाईल, गोशाळेत दिली तर तिथे ढेकर देईल. १२९ ग्रॅम कुठेही १२९ ग्रॅमच. नवीन भाकड होऊ न देणं एवढंच आपल्या हातात: गाय वेळेवर गाभ जाणं, गोऱ्हे कमी जन्मणं, वासरं न मरणं.

१४ मे

ऊन. दुपारी लेझर सुरूच होत नाही, यंत्र तापून बंद पडतं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. बाभळीच्या शेंगा पडायला लागल्यात. गावातल्या बायका पोती भरून ठेवतात. शेंगा भरडून गाईंच्या पेंडीत थोड्या मिसळल्या. आश्चर्य म्हणजे चिंचोक्याला तोंड फिरवणाऱ्या दोघींनीही खाल्ल्या. भरडीपेक्षा हे सोपं: पैसे नाहीत, वाहतूक नाही, गाईची तक्रार नाही. मिथेन किती कमी झाला ते मात्र मला या यंत्राने कधीच सांगता येणार नाही.

१२ जून

मृगाचा पाऊस झाला आणि दोन दिवसांत वाडे परतले. वहीचे कोपरे कुरतडलेले, एका पानावर चहाचा गोल डाग, पण नोंदी आहेत. नातवाने मेलेली कोकरंही लिहिलीत, प्रत्येकाच्या पुढे कारण: "हागवण", "कोल्ह्यानं नेलं", "ट्रक". आण्णांच्या वाड्यात १४८ कोकरं झाली, ११ गेली. त्याआधीच्या वर्षी किती गेली होती? आण्णा बोटं मोजत राहिले, मग सुनेला विचारलं. ती म्हणाली, तीस तरी असतील. एका वाड्याच्या, तोंडी आठवणीवरच्या तुलनेला पुरावा म्हणत नाहीत हे मला कळतं. तरी वर्षभरात मला सगळ्यात जास्त विश्वास याच आकड्याचा वाटतो. शून्याने भागायच्या मेंढ्या कमी झाल्या.

लेंड्यांचंही एक लिहून ठेवते. रानात मेंढरं बसवली की लेंडी उघड्यावर वाळते, त्यातून मिथेन जवळजवळ निघतच नाही. हवाबंद साठलेल्या शेणातून निघतो. शेतकरी आण्णांना रात्रीच्या बसवणीचे पैसे आणि धान्य देतो, त्याची खताची गोणी वाचते. अहवालाच्या नमुन्यात मेंढीच्या नावावर ढेकर आहे, गोणी नाही.

२८ जून

पारावर आज नवाच विषय. कुणाच्या तरी मोबाइलवर आलं होतं: "गाईच्या ढेकरीवर टॅक्स." बातमी खरी आहे, डेन्मार्कची. जनावरांच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावायचं तिथे याच आठवड्यात ठरलं. आणि याच महिन्यात न्यूझीलंड सरकारने शेतीला उत्सर्जन व्यापारातून बाहेर ठेवायचं जाहीर केलं. तिथे २००३ मध्ये असाच कर यायचा होता तेव्हा शेतकऱ्यांनी संसदेवर ट्रॅक्टर नेले होते.

तात्यांनी विचारलं, आपल्याकडे येणार का. भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेतल्या मिथेन प्रतिज्ञेवर सही केलेली नाही, हे मी सांगितलं. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटी गाई-बैल, ११ कोटी म्हशी, ७ कोटींवर मेंढ्या आणि जवळपास १५ कोटी शेळ्या. बहुतेक जनावरं दोन-चार असणाऱ्या घरांतली. कर कोण, कुणाकडून आणि कुठल्या वजनकाट्यावर घेणार?

"मग तू मोजतीस कशाला?" तात्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वैरण वाया जाते म्हणून. ते हसले. पहिल्या दिवशी त्यांनीच सांगितलेलं त्यांना आठवलं असावं.

६ जुलै २०२४

अहवाल आज पाठवला. "मिथेनमधील घट (प्रति जनावर)" या रकान्यात लिहिलं: दुभत्या गाईत वाढ, अंदाजे ५ टक्के. खाली मीच एक ओळ वाढवून लिटरमागची घट टाकली, तिच्याखाली रिकाम्या दिवसांचा तक्ता, तिच्याखाली कोकरांचा. चार पानी नमुन्याची सात पानं झाली. लेझर परत करायचंय, त्याच्या पट्ट्याला अजून मेंढराचा वास आहे.

संध्याकाळी आजींच्या घरून फोन आला. गाभण गाईला कळा सुटल्यात आणि डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेत. मोटारसायकल काढते.